जाईबाईच्या दारातला ग्रॅनाइट

१ जानेवारी १९६२. सकाळ.
संकल्प. चहा कमी. सूर्यनमस्कार रोज. लॅबोरेटरी आरशासारखी. आणि या वर्षी रिसर्च म्हणजे रिसर्च.
चारांपैकी लॅबोरेटरी लगेच जमली. कपाटाखाली विद्यार्थिदशेतल्या टूर्सचे धोंडे पडले होते. त्या काळी माझी समजूत होती की जेवढा दगड मोठा तेवढी विद्या मोठी, त्यामुळे एकेक पाट्याएवढा. कोपऱ्यात पांढरा रंग, त्यावर माझी आद्याक्षरं, नंबर. नंबरांचं रजिस्टर वाळवीनं खाल्लं. मग नंबर काय चाटायचे? पोती भरायला लावली. मोतीराम शिपायानं विचारलं, फेकून देऊ का कोनाले देऊन टाकू? म्हटलं, असल्या क्षुल्लक गोष्टी मला विचारू नकोस.
सूर्यनमस्कार उद्यापासून.

२२ जानेवारी.
प्रिन्सिपॉलांनी बोलावलं. मला वाटलं, लॅबोरेटरीबद्दल शाबासकी. तर म्हणाले, आपल्या वऱ्हाडात जिथं पाहावं तिथं एकच काळा दगड, तो वर्षभर काय शिकवता? विद्यार्थी नाहीत. जुलैच्या मध्यापासून जिऑलॉजी बंद. मला संस्थेच्या हायस्कुलात पाचवीला भूगोल. नाही म्हणायला एक फट ठेवली: त्याच्या आत काही नाव घेण्यासारखं काम दाखवलं, तर विचार करू.
मी. पाचवीला. भूगोल. घरी आलो आणि रागाच्या भरात सलग तीन चहा प्यायलो.

११ फेब्रुवारी. रविवार.
आजचा दिवस सोन्यानं लिहावा असा. बाळापूरहून येताना एस.टी. बंद पडली. पाणी मागायला रस्त्याकडेच्या एका घरी गेलो. घर नत्थुजीचं, पाणी दिलं त्याच्या बायकोनं, जाईबाईनं. तांब्या तोंडाला लावला आणि खाली पाहिलं. ग्रॅनाइट! गुलाबी, टपोऱ्या कणांचा, काळ्या मातीत रुतलेला. दख्खनच्या काळ्या खडकाखाली कुठंतरी प्राचीन ग्रॅनाइट असणार हे सगळेच मानतात. अकोला जिल्ह्यात तो वर आलेला मात्र आजवर कुणी पाहिला नाही. मी पाहिला.
पाणी सगळं शर्टावर सांडलं.

१२ फेब्रुवारी.
बायकोला, कौशल्येला, सगळं समजावलं. ती तूर निवडत होती. म्हणे, त्या बाईले इचारलं का, दगड कुठून आनले? मी शांतपणे सांगितलं की खडक आणत नसतात, खडक असतात. शिवाय स्थानिक माणसाला विचारलं की निरीक्षण दूषित होतं. ती म्हणाली, बरं.
तिच्या ‘बरं’चा मला मनापासून राग येतो.

४ मार्च.
मोजमाप केलं. ग्रॅनाइट रस्त्यापासून गोठ्याच्या दारापर्यंत सरळ रेषेत! दोन दगडांमधलं अंतर सारखं, माणसाच्या एका पावलाएवढं. भूकवचाला एवढी सरळ चीर पडायची तर केवढे प्रचंड दाब लागले असतील! ही चीर नेमकी गोठ्यापाशी का संपते, हा पुढच्या पेपरचा विषय.
जाईबाईला ताकीद दिली, एकही दगड हलवायचा नाही. ती म्हणाली, मी कायले हालवू? चालाले तर पायजेत मले.

८ एप्रिल.
दगडांच्या बाजूनं खड्डा खणला. खाली काळी माती, मग मुरूम, मग काळा खडक. ग्रॅनाइट नाही. क्षणभर घाम फुटला. मग प्रकाश पडला. ग्रॅनाइट वजनानं हलका! कोट्यवधी वर्षांत तो काळ्या खडकातून वर वर येत गेला आणि आता सगळाच्या सगळा वर आला आहे. खाली उरेल कसा?
खड्ड्यात नत्थुजीची म्हैस पडली. नत्थुजी जे बोलला ते इथं लिहीत नाही.

१९ मे.
नागपूरहून रासायनिक पृथक्करण आलं. एका तुकड्यात पोटॅश भरपूर. दुसऱ्यात सोडा भरपूर, पोटॅश नावाला. तिसऱ्याचं गोत्रच निराळं. साधा माणूस म्हणाला असता, हे तीन गावचे दगड. मी म्हणतो, तीन वेळा पर्वत उभे राहिले, तीन वेळा कवच वितळलं, आणि तिन्ही इतिहास जाईबाईच्या अंगणात एका रांगेत उभे आहेत. जगात दुसरीकडे असं कुठंही नाही.
नागपूरच्या डॉक्टरसाहेबांना पत्र टाकलं. माझे जुने गुरू. त्या टूर्सवर हेच आम्हांला न्यायचे.

१ जुलै.
डॉक्टरसाहेब पुढच्या रविवारी येतात. प्रिन्सिपॉलही सोबत येणार. मोतीरामला म्हटलं, पाचवीचं भूगोलाचं पुस्तक माझ्या टेबलावरून उचल.

८ जुलै. संध्याकाळ.
चार दिवस पाऊस. नत्थुजीच्या दारात पोटरीएवढा गारा. जाईबाई नवं लुगडं नेसून उभी. म्हणाली, एवढे मोठे सायेब येऊन राह्यले, म्हून सकाऊन सारे दगड धुतले अन् पलटी केले. वरून लय घान झाले होते. खालून पाहा कसे सोच्छ हायेत!
प्रत्येक दगडाच्या कोपऱ्यात पांढरा रंग. त्यावर चं. वा. आणि नंबर. माझंच अक्षर.
डॉक्टरसाहेब धोतर वर धरून एकेका दगडावर पाय देत गोठ्यापर्यंत गेले. प्रत्येक दगडावर थांबत होते. हा जबलपूरचा, म्हणाले. हा हंपीचा, हा उचलताना तुझी पाठ धरली होती. प्रिन्सिपॉल मागून वाकून नंबर वाचत होते. मला रडू आलं, पण पावसात कळलं नाही. जाईबाईनं सगळ्यांना चहा दिला. हे दगड आपल्या जावयानं, कॉलेजातल्या मोतीरामनं, संक्रांतीला, पावसाळ्यात गोठ्यात जायला म्हणून आणून दिल्याचं तिनं कौतुकानं सांगितलं.

१५ जुलै. रविवार.
डिपार्टमेंटचा चार्ज देताना स्टॉकमध्ये दगड कमी भरले. प्रिन्सिपॉल म्हणाले, घेऊन या. गेलो. जाईबाई म्हणाली, आता कसे देऊ? दिवाई झाल्यावर न्या. हट्ट धरायला तोंड नव्हतं. परत येताना त्याच दगडांवरून आलो. बूट कोरडे राहिले.
उद्यापासून पाचवी ब. पहिला धडा, आपला जिल्हा. खालचा प्रश्न: आपल्या जिल्ह्यात कोणता दगड आढळतो? एका शब्दात उत्तर लिहा.
काळा.