उपाशीपोटी दोन गोळ्या

आप्पा, तुमची ती पांढरी गोळी पोटात जाऊन काय करायची, ते मला नर्स झाल्यावरही कितीतरी वर्षांनी कळलं. दुखऱ्या जागी शरीर स्वतःच एक द्रव्य तयार करतं, त्यानं सूज येते, ठणका लागतो. ॲस्पिरिन ते द्रव्य बनूच देत नाही. पण तसंच द्रव्य जठराचं अस्तर जपत असतं. ते आटलं की आतलं आम्ल पोटालाच जखम करतं, आणि गोळीमुळे रक्तही लवकर गोठत नाही.

तुम्ही घाटात रेल्वेचे रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगवर होतात. गुडघ्यावर रुळाखालचा लाकडी स्लीपर पडला, तेव्हा कर्जतच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "जेवल्यावरच, आणि एकच." तुम्ही पहाटे कोऱ्या चहाबरोबर दोन घ्यायचात आणि घाट चढायचात. त्याच पायांनी मला खालापूरच्या बाजारात नेऊन हिरव्या बांगड्या भरल्यात. मला त्या गोळ्या देवासारख्या वाटल्या होत्या.

भातकापणीच्या सुमारास तुम्ही पांढरेफटक दिसू लागलात. एकदा हळूच म्हणालात, "परसाकडला डांबरासारखी काळी व्हते. नाचणीची भाकर खातो ना, त्यानं. आयला सांगू नको गं." मी मान डोलावली. आठ दिवसांनी तुम्ही अंगणात कोसळलात. ओकलात ते चहाच्या चोथ्यासारखं काळपट, पोटात साकळलेलं रक्तच. शेजाऱ्यांनी बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर आईला विचारतायत, "शौचाला काळी होत होती का?" आई म्हणते, "नाय वो." तुमचे डोळे मिटलेले, पण माझा हात घट्ट दाबून धरलाय. मी बारा वर्षांची. हात सोडवून घेते आणि म्हणते, "व्हत होती. रोज दोन गोळ्या घेतात, उपाशीपोटी."

गोळ्या बंद झाल्या, तुम्हाला दुधावर ठेवलं, तुम्ही वाचलात. पण गुडघा पुन्हा धरला आणि गँगवरचं काम गेलं. ओटीवर बसून मला म्हणालात, "तू तोंड उघडलंस, नि माझं पाय गेलं." पुढची नऊ वर्षं, तुम्ही जाईपर्यंत, आई तो गुडघा गरम वाळूनं शेकत राहिली. आता माझेच गुडघे धरतात, तेव्हा कळतं, तुम्ही हट्टी नव्हतात. त्या दोन गोळ्यांत तुम्हाला तुमची चाल परत मिळत होती. तरी मी बोलले ते बरोबरच केलं, यात मला शंका नाही.

हे पत्र कुठे टाकणार? पण लिहितेच आहे, तर हेही. एका थंडीत कण्हत तुम्ही विचारलंत, "एक तरी हाय का गं?" मी म्हणाले, "संपल्या." तुमच्या उरलेल्या सहा गोळ्या माझ्या पेटीत होत्या. तुमचा जीव वाचावा म्हणून लपवल्या, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. खरं म्हणजे ओटीवर तुम्ही मला जे बोललात, त्याचा त्या दिवशीही मला राग होता.