प्याल्याची कड

सोलापूर,
ता. १२ डिसेंबर १९३२

प्रिय केरा,

सलाम. माझं इतकं लांब पत्र पाहून तुला नवल वाटेल. चार वर्षांत नाताळच्या दोन ओळींपलीकडे आपण एकमेकींना काही लिहिलं नाही. तू इथली मुलींची शाळा सोडून वैरागला बदली मागून घेतलीस, तेव्हा मला एका शब्दाने सांगितलं नाहीस, आणि मीही विचारलं नाही. कुणी विचारलं तर मी सांगायची, केराबाईची आई थकली, म्हणून गेली. कारण मीच रचलं आणि मीच ते खरं मानलं. शनिवार दुपारपासून ते मानता येत नाही.

आधी इथलं सांगते, मग धीर येईल. पाळकाच्या घराला दार असून नसल्यासारखं, ते तुला माहीतच आहे. पहाटे भोंगा झाला की गिरणीत जाणाऱ्या बायका पोरांची दुखणी सांगायला येतात, आणि मी कुणाला ओवा, कुणाला एरंडेल देत बसते. यांचा उपदेश पाऊण तासावर गेला की मी अजून पहिल्या ओळीतून खोकते. त्या खोकल्याला तू ‘दुसरी घंटा’ म्हणायचीस, तेच नाव आता सगळ्या मंडळीत चालतं. माझी पुसण्याची खोडही वाढली आहे. धुराड्याची काजळी खिडकीत पडते, हे एक निमित्त. पेटीच्या पट्ट्या पुसते, मिशनच्या मडमबाईंच्या मोटारीचे दिवे पुसते. परवा ओट्याशी एक शेंबडं पोर दिसलं, त्याचं तोंड पदराने स्वच्छ पुसलं, तर ते आपल्यातलं नव्हतंच. बिचारं रस्त्याने आपल्या वाटेने चाललं होतं. त्याची आई बघतच राहिली.

गेल्या महिन्यात मिशनकडून एक खोकं आलं. आत भोकं पाडलेली लाकडी तबकं आणि अंगठ्याएवढे काचेचे पेले. आता प्रभुभोजनाला द्राक्षरसाचा एकच प्याला सगळ्यांत फिरवायचा नाही, ज्याचा त्याला वेगळा पेला. शहरात क्षय फार वाढलाय, म्हणून डॉक्टरांनीच सुचवलं म्हणतात. शनिवारी ते पेले धुवायला मंडळीतल्या राजाबाई आणि बाळाबाई माझ्याकडे आल्या होत्या. पेल्यांना रस किती लागेल ते बघायला मी थोड्या मनुका कुस्करून गाळत होते. उन्हात मांडलेले पेले इतके गोड दिसत होते, की बाळाबाई म्हणाली, “भातुकली मांडल्यागत दिसतंय की.” आम्ही तिघी हसलो.

मग राजाबाई म्हणाली, “लई बरं झालं बगा. आता कुनाच्या मागनं प्यायला नको. दर म्हयन्याला पुढली ओळ गाठायची म्हंजी जीव जात हुता.” मी म्हटलं, खरंय बाई, रोगाचं काही सांगता येत नाही. तशी दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि बाळाबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, “रोगाचं कुटं घेऊन बसलाय, पाळकीणबाई! असं बोलताय, जसं काय तुमाला ठावंच न्हाय. तुमच्याकडं बगूनच शिकलो की आमी. त्या कापणीच्या सणाला केराबाई तुमच्या आदी प्याली, तवा तुमी प्याल्याची कड पदरानं पुसलीत आन मग तोंडाला लावलात. आमी तवाच म्हटलं, पाळकीणबाईंचं बी आपल्यावानीच हाय.” हे ती कौतुकाने म्हणाली, केरा. मी त्यांच्यातली निघाले म्हणून तिला बरं वाटलं होतं.

आणि मी काय केलं असेल? दोघींना चहा ओतला. राजाबाईला बशीत आणखी घालू का म्हणून विचारलंसुद्धा.

त्या गेल्यावर मी सतरंजीवर बसून आठवू लागले. आधी वाटलं, बाळाबाई खोटं बोलते. मग चार वर्षांमागचा, तू जाण्याआधीचा तो रविवार दिसायला लागला. तुझ्या मुली गाणार होत्या, म्हणून तू पहिल्या ओळीत माझ्या डावीकडे बसली होतीस. वेदीपुढे ज्वारीची कणसं होती. प्याला डावीकडून आला. तू प्यालीस, माझ्या हातात दिलास. त्याचं थंड वजन आठवलं, आणि मग पदराचं ओलं टोक आठवलं. ते मी घरी येईपर्यंत मुठीत धरलं होतं.

मी स्वतःला म्हटलं, मला तर सगळंच पुसायची खोड. पण केरा, माझ्या आधी मडमबाई किती वेळा प्यायल्या आहेत! बार्शीच्या पाळकांची बायको प्यायली आहे, ती तर सारखी खोकायची. त्यांच्यानंतर मी कधीही कड पुसली नाही. एकदाच पुसली.

कुंभारीला आमचं घर गावात होतं, तुझं वेशीबाहेर. आम्ही सगळे बाप्तिस्मा घेऊन आलो, तरी आई ओट्याच्या टोकाला एक वेगळा तांब्या ठेवायची. तो कुणासाठी, हे आम्हा मुलांना कधी सांगावं लागलं नाही. मी आईवर रागवायची. बोर्डिंगात मी हट्टाने तुझ्या ताटात जेवले, आणि आजवर बायकांच्या सभेत ती गोष्ट किती वेळा सांगितली असेल! ‘मी आणि केरा एका ताटात’ म्हटलं की सगळ्या माना डोलवायच्या. राजाबाई आणि बाळाबाईही डोलवायच्या. त्यांनी माझी गोष्ट ऐकली आणि माझा हात पाहिला. विश्वास हातावर ठेवला.

रात्रीची जेवणं होईपर्यंत मला थांबवेना. हे उपदेश लिहीत बसले होते, तिथेच जाऊन सांगितलं. यांनी टाक खाली ठेवला. म्हणाले, “मुद्दाम केलं नसशील.” मी म्हटलं, त्याचीच तर भीती वाटते. मुद्दाम केलं असतं तर मला आठवलं असतं, त्याची क्षमा मागितली असती. चार वर्षं मी दर महिन्याला स्वतःची झडती घेऊन मगच त्या भोजनाला बसले. आवाज चढला ते मांडलं, मडमबाईंचा हेवा वाटला तो मांडला. हे एकदाही हाती लागलं नाही. यांनी काल उपदेश केला तो दुसऱ्याच वचनावर, आणि अवघ्या वीस मिनिटांत आटोपला. मी बायकांच्या शेवटच्या ओळीत, दाराशी बसले होते. राजाबाई दोनदा वळून, पुढं या की, म्हणून खुणावत होती.

आता हे पत्र का, ते सांगते. जानेवारीच्या पहिल्या रविवारी नव्या पेल्यांनी पहिलं प्रभुभोजन आहे, आणि त्या दिवशी मुलींकडून गाणं बसवून घ्यायला तुला बोलवावं असं मंडळीने ठरवलं. बोलावणं मी लिहावं, कारण जुन्या मैत्रिणीचा शब्द तू मोडणार नाहीस, असं सगळ्यांना वाटतं. शनिवारी सकाळी मी ते लिहूनही ठेवलं होतं, चांगलं लाघवी. संध्याकाळी चुलीत घातलं. हे कळल्यावाचून तू यावंस, येऊन माझ्या शेजारी बसावंस, हे मला सोसवणार नाही. तू त्या दिवशी पाहिलंस का, केरा? पाहिलं असशील, तर चार वर्षं ते तू एकटीने वागवलंस आणि मला नाताळच्या शुभेच्छा धाडत राहिलीस. पाहिलं नसशील, वैरागला खरंच आईसाठी गेली असशील, तर आज मीच तुला ते दाखवलं. दोन्हींतलं काय, ते मला ठाऊक नाही, आणि न विचारता राहणं आता जमत नाही. यावंसं वाटलं नाही तर येऊ नकोस. मंडळीला कारण मी सांगेन, या वेळी खरं सांगेन. पण पाहिलंस की नाही, तेवढं लिही.

तुझीच, तू म्हणशील तर,
मुक्ता