जिथे तू गाणं उचलायचीस

टोकावडे,
२ मार्च २०२५

चि. सावळीस,

तुझ्या भिमाताईचे आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत. वाल काढून झाले. तुझ्यासाठी बाजूला ठेवलेत, पण ते न्यायला तुला सापगावहून इथे यावं लागेल. मी पाठवणार नाही.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू लगेच विचारलं असतंस, "ताई, आवाजाला काय झाला गो?" आणि मी काहीतरी थाप मारली असती.

आधी गंमत ऐक. मागच्या आठवड्यात पलीकडच्या पाड्यावर हळदीचे धवळे गायला गेले होते. खाली ठीक चाललं होतं, माझा जाडाभरडा आवाज तुला माहीतच आहे. मग गाणं वर चढलं आणि आवाज मधेच फाटला, एकदम चिरका झाला. बायकांना वाटलं, भिमाबाईला रडू फुटलं! झालं. नवरीची आई रडली, नवरी रडली, म्हाताऱ्यांनी डोळ्यांना पदर लावले. वरात दुसऱ्या दिवशी यायची आणि इकडे पाठवणी सुरू! नवरीचा बाप धावत आला, "काय झाला? कोन गेला?" मीसुद्धा हसले. घरी आल्यावर मात्र हसू आलं नाही.

तेव्हापासून रोज चुलीपाशी गाऊन बघते. हळद-मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध चघळून झालं. खालचा आवाज आहे. वरचा बारीक आवाजही निघतो. दोन्हींमधला सांधाच निसटतो, आणि दर वेळी एकाच जागी. जिथे तू माझ्याकडून गाणं उचलायचीस तिथेच. माझा श्वास संपायच्या आत तुझा सुरू व्हायचा. लोक म्हणायचे, भिमाचा आवाज कुठून कुठे जातो! अगं, मी तिथे कधी गेलेच नव्हते. तूच जायचीस.

सुदामराव गेल्यापासून तू मांडवात पाऊल ठेवलं नाहीस. मी गप्प राहिले. दुःख तुझं होतं, मी काय बोलणार? पण आता आपल्या दामिनीची हळद आहे, १८ एप्रिलला. परवा तिने विचारलं, "आई, धवलं मावशी बोलंल ना?" मी म्हटलं, "नाय गो. रांडकी बाई मांडवात कशाला, म्हनते ती." पोरगी भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "मग माझ्या हलदीला कोनीच नका गाऊ."

मला लेकीचं लग्न मुकं करायचं नाही, सावळी.

तू गाणार म्हटल्यावर तिची होणारी सासू, बाईजाबाई, कुरकुरलीच. मी सांगून टाकलं, "माझी भन गानार. तुमाला चालत नसंल तर तुमी भायेर बसा." विहिणीशी असं बोलायचं नसतं, कळतं मला. बोलून बसले. जाताना ती म्हणाली, "बोलवा मग."

तर मी पहिली ओळ धरेन. त्या सांध्यापर्यंत येईन आणि थांबेन. पुढचं दुसऱ्या कुणाला उचलू देणार नाही. मांडव भरलेला असो, वाटीतली हळद वाळून जावो, मी तोंड मिटून बसून राहीन. शेजारचा पाट तुझा आहे. तू त्यावर असलीस तर तुझ्याकडे बघेन, नसलीस तर रिकाम्या पाटाकडे.

तुझ्याशिवाय अर्धीच गाणारी,
भिमाताई