गेटसमोरची गोपनीयता

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११
आजपासून मी 'स्थानिक समन्वयक'. नागपूरहून पीएच.डी. करणाऱ्या प्रेरणा मॅडम आल्या आहेत. लोहाऱ्याच्या दालमिलमधल्या बायांच्या तब्येतीवर त्यांचं संशोधन. मुलाखतींसाठी माझ्या हॉटेलवरची खोली ठरली. गोपनीयतेच्या कागदावर सही दिली. चहाच्या ठेल्यापासून सुरुवात करून मिलच्या गेटसमोर स्वतःचं हॉटेल उभं करणाऱ्याच्या पोटात गोष्ट राहते, हे मॅडमनी चेहऱ्यावरूनच ओळखलं.
संकल्प: कोण वर गेलं, काय बोललं, मरेपर्यंत सांगणार नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार
बायांना नावाऐवजी नंबर. उत्तम पद्धत. या वहीतही नंबरच लिहीन. आज नंबर चार आली, ममता. पॅकिंगच्या अठरा बायांपैकी मुलाखतीला तयार झालेली ही एकटीच.
कोणी ऐकू नये म्हणून मी जातीने जिन्यात बसलो. सगळं ऐकू आलं. पार्टिशन फार पातळ आहे. मॅडमच्या कानावर घालायला हवं.
गेल्या मे महिन्यात ममता कामावर चक्कर येऊन पडली. सुपरवायझर घनश्यामने दवाखान्यात न्यायचं सोडून तिला गेटबाहेर ऑटोत बसवून दिलं आणि हजेरीत गैरहजर दाखवलं. वरून, "मालकानं इचारलं तं घरीच होती म्हणजो." हे फुटलं तर पुढच्या आठवड्याच्या कामाची जी यादी दर शनिवारी गेटवर लागते तिच्यातून आपलं नाव जाईल, पोरीचं नर्सिंग अर्ध्यात सुटेल, असं ती तीनदा म्हणाली. मॅडम म्हणाल्या, तुमचं नाव कुठेही येणार नाही. मी जिन्यातून मान हलवली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
बोलून झाल्यावर बाईला त्रास तर होत नाही ना, हे दोन दिवसांनी फोनवर विचारायचं असतं, असं मॅडम म्हणत होत्या. फोन कायले? मी आहे ना. दुपारच्या सुट्टीत पन्नास बायांची गर्दी, त्यात ममताला हाक मारून विचारलं, "आता मन हलकं वाटते का?" मुलाखतीचा म सुद्धा काढला नाही. ती चहा न घेताच गेली. अजून सावरलेली दिसत नाही. उद्या तिच्या चहात आलं जास्त टाकणार.

९ फेब्रुवारी, सोमवार
घनश्याम आला. मिलचे सकाळ-दुपार साठ-साठ कप त्याच्याच हातात, त्यामुळे दोन शब्द बोलावे लागतात. "पुंडलिकभाऊ, वरती कोण कोण येऊन राह्यलं? मायी तक्रार करून राह्यली कोणीतरी पॅकिंगवाली." मी स्पष्ट सांगितलं, सही केली आहे, एक नाव मिळणार नाही. तर म्हणे, "रुखमाबाईच असन. लई तोंड चालते तिचं."
आता रुखमाबाई बिचारी जिन्याची एक पायरी चढलेली नाही. निरपराध बाईवर आळ कसा येऊ द्यायचा? म्हटलं, "तिचं नाव घेऊ नका साहेब, तिले डोकं खाजवाले टाइम नाही." एक बाई वाचवली.

१० फेब्रुवारी, मंगळवार
आज सात वाचवल्या.

११ फेब्रुवारी, बुधवार
घनश्याम हजेरीचं रजिस्टरच घेऊन आला. तो नाव वाचतो, मी बाजू मांडतो. हिचा गुडघा दुखते, जिना कशी चढन? तिचा नवरा सुट्टी झाली की गेटवर हजर, वर जाईल कधी? अशी वकिली यवतमाळच्या कोर्टात मिळायची नाही. आणखी नऊ सुटल्या.
शेवटी ममताचं नाव आलं. इथे माझी खरी परीक्षा. मी एक अक्षर बोललो नाही. चहा गाळत राह्यलो. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा गाळला. हॉटेलात इतकी शांतता लॉकडाऊननंतर पहिल्यांदाच.
घनश्यामने उठून पाठीवर थाप मारली. "मानलं भाऊ तुमाले."
हे मुद्दाम लिहून ठेवतो.

१४ फेब्रुवारी, शनिवार
यादी लागली. ममताचं नाव नाही.
मॅडमचा चेहरा उतरला. रेकॉर्डिंगला पासवर्ड, कागदावर नंबर, मग फुटलं कुठून? शोध घ्यायचं मी मनावर घेतलं आहे. माझा संशय लॅपटॉपवर.

१५ फेब्रुवारी, रविवार
घनश्यामला बाजारात गाठून सरळ विचारलं, कोणी सांगितलं? पोट धरून हसला. "तुमीच ना भाऊ! सतरा बायांवर भाषण देल्लं. अठरावीच्या टायमाले तुमची वाचाच गेली."
हे मला मान्य नाही. मी काहीच बोललो नव्हतो, हाच तर मुद्दा आहे. मॅडमना फोन करून तसं सांगितलं. फोन मधेच कटला. नेटवर्क नसावं.

१६ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी ४
ममता आणि मॅडम दोघी आल्या. हातात लेबर ऑफिसचा अर्ज. ममता म्हणाली, आता लपवाले काई राह्यलं नाही, तं नाव टाकूनच लढतो. मग माझ्याकडे वळली. "भाऊ, तवा ऑटो तुमीच थांबवला होता. पाणी तुमीच पाजलं. साक्षीदार म्हणून सही द्या."
हे खरं आहे. ४ तारखेला लिहायचं राहून गेलं.
मी लगेच तयारी दाखवली. फक्त नाव नको, 'साक्षीदार नंबर एक' एवढंच टाका म्हटलं. मॅडम म्हणाल्या, तिथे नंबर चालत नाही. एवढ्यात मिलमधून साठ कपांचा निरोप आला. मी म्हटलं, गोपनीयतेची सही दिलेल्या माणसाला अशी दुसरी सही देता येते का, हे आधी तपासावं लागेल.
"तपासा भाऊ," ममता म्हणाली. "माह्यं नाव तं अख्ख्या मिलले समजलं. तुमचं तेवढं जपून ठेवा."
समजूतदार बाई आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
दुपारच्या सुट्टीत, गेटपाशी उभ्या सायकलच्या सीटवर अर्ज ठेवून, पॅकिंगच्या एका बाईने साक्षीदार म्हणून अंगठा दिला. मुलाखतीला ही आलेली नव्हती. मे महिन्यात ममता पडली तेव्हा शेजारच्या वजनकाट्यावर हीच होती म्हणे. गोपनीयतेमुळे तिचं नाव इथे लिहीत नाही.
तिने स्वतः मात्र ते सांगितलं. वय आणि गावासकट, गेटात उभ्या घनश्यामकडे तोंड करून, आणि इतक्या मोठ्याने की हॉटेलात माझ्या हातातली गाळणी थांबली.