टेकू काढल्यानंतरचं जेवण

बाबा, हल्ली मी शाळकरी मुलांसाठी इंग्रजी-मराठी शब्दकोश करणाऱ्यांबरोबर काम करते. आज ‘स्ट्रक्चर’ हा शब्द माझ्या वाट्याला आला. रचना, बांधणी, सांगाडा, इमारत असे अर्थ भराभर लिहिले; वाक्याची रचना, समाजाची रचना अशी उदाहरणंही झाली. मग पेन थांबलं. हा शब्द मी पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकला होता. तुम्ही चौथी शिकलेले, बोरिवलीत सेंटरिंगचे मिस्त्री. कुठल्याशा इंजिनियरकडून तो उचललात आणि घरभर वापरलात. आईचा मोदक हातावर फिरवून म्हणायचात, “स्ट्रक्चर झकास!” मावशीच्या तान्ह्या बाळाची मान सावरत म्हणालात, “स्ट्रक्चर अजून ओलाच आसा.” आम्ही हसून लोळायचो. आज एकेक वापर आठवून पाहिला आणि थक्क झाले. जे स्वतःचा भार स्वतः पेलतं, किंवा पुढे पेलणार आहे, त्यालाच तुम्ही तो शब्द लावत होतात. एकदाही चुकला नाहीत.

ऐंशीनंतरची ती वर्षं. बोरिवलीत जिकडेतिकडे चार मजली सोसायट्या उठत होत्या. ओलं काँक्रीट घट्ट होईपर्यंत त्याला खालून धरणाऱ्या फळ्या आणि लाकडी टेकू, एवढंच तुमचं काम. इमारत उभी राहिली की ते मोडून दुसरीकडे न्यायचं. टेकू काढायच्या दिवशी तुम्ही आईला डबा घेऊन साइटवर बोलवायचात. खोलीतले टेकू मधून काढत भिंतीकडे जायचं, सज्जाचे बाहेरच्या टोकापासून. कुणी उलटं सुरू केलं की ओरडायचात, “अरे मधून काढ, मधून! वाट लावशील!” शेवटचा टेकू तुम्ही स्वतः काढायचात आणि त्या उघड्या स्लॅबखाली गोणपाट अंथरून आईबरोबर जेवायला बसायचात. इथे लोक संसार करणार, तर पहिला घास आपल्या माणसांनी खायचा, हा तुमचा नेम. असा नेम मी नंतर कुठल्याही इंजिनियरकडे पाहिला नाही.

मी सातवीत असताना मलाही बोलावलंत. शेवटचा टेकू निघाला. वर एवढं थोरलं ओझं आणि खाली नुसती हवा! आई शांतपणे भाकरीवर सुकटीची चटणी वाढतेय, वर बघतही नाही. मी रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगाशी उभी.

“ये गो, बस हंय,” तुम्ही हाक मारता. “घाबरतंस कित्याक?”

मी मानेनेच ‘नको’ म्हणते. पाय उचलत नाही.

तुम्ही रागावला नाहीत. हातात भाकरी घेऊन बाहेर आलात, भर उन्हात खडीवर माझ्याशेजारी बसलात आणि अर्धी मला दिलीत. “ऱ्हवांदे. पुढच्या स्लॅबाक बस,” एवढंच म्हणालात. पुढच्या वेळी मी शाळेची सबब सांगितली. मग तुम्ही मला बोलावणंच सोडलंत.

पोर भित्री आहे, असंच तुम्ही शेवटपर्यंत समजलात, आणि मी समजू दिलं. पण बाबा, तुमचा स्लॅब पडेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. समोरच्या सोसायटीच्या गॅलरीत माझ्या वर्गातली मुलगी उभी होती. गोणपाटावर बसून जेवताना तिने मला बघू नये, एवढंच मला हवं होतं.