विचारलं होतं मला

एका हंगामापुरतं म्हणाला होतात. सुकेळी झाली की पोरीला परत शाळेत घालू, असं शाळेतल्या सिस्टरना माझ्यादेखत सांगितलंत. मग हंगामामागून हंगाम गेले, तुम्हीही गेलात, आणि मी अजून चौथी पास. हे आधी लिहिते, कारण ख्यालीखुशाली विचारत बसले तर राहून जाईल. बाबा, तुमची मुलगी लिहितेय. अक्षर लागत नसेल तर दोष कुणाचा ते वर आलंच आहे.

तो दिवस मला लख्ख आठवतो. गिरीजच्या वाडीत, विहिरीशेजारी सुकेळीचा मांडव. मी सोललेली राजेळी केळी सुकवायला उन्हात ओळीनं मांडतेय, हात चिकट, भोवती माश्या. सिस्टर पांढरा झगा सावरत बांधावरून येतात. तुमच्याकडे बघतसुद्धा नाहीत, सरळ मला विचारतात, “तुला शिकायचंय का गं?” मी तोंड उघडते. आणि तुम्ही पाठमोरे, केळीचा लोंगर उतरवता उतरवता म्हणता, “तिला काय कळतंय? एवढा हंगाम झाला की घालू परत.” सिस्टर आल्या तशा बांधावरून परत गेल्या. माझं तोंड उघडं ते उघडंच. त्यात माशी गेली असती तरी तुम्हाला पत्ता लागला नसता.

आता आज का लिहितेय ते ऐका. माझ्या धाकट्याची मुलगी, म्हणजे तुमची पणती, तिला परदेशातल्या एका विद्यापीठानं प्राध्यापक म्हणून बोलावलंय. अणूच्या पोटात काय आहे ते शोधायचा तिचा धंदा. चर्चमधून, मिस्साहून निघताना बायका मला विचारतात, “काय गो, तुझी नात बॉम्ब करते?” मी म्हणते, “हो, पहिला तुझ्याच अंगणात टाकायला सांगितलाय.” बॉम्बबिंब काही नाही. एका बारीक कणावर दुसरा आपटायचा आणि काय उडतं ते टिपणारी यंत्रं बांधायची, असं तिनं मला स्वयंपाकघरात वाल सोलता सोलता सांगितलं. वर्षानुवर्षं तिनं आणि तिच्या सोबत्यांनी एका गोष्टीची वाट बघितली, ती दिसलीच नाही. मग काय केलं? दिसली नाही, असं छापून मोकळे झाले.

मी म्हटलं, “ह्याचे पगार देतात तुम्हाला?”

“आजी, नाही दिसलं तेही सांगावं लागतं. नाहीतर दुसरं कुणीतरी तिथंच शोधत बसेल.”

तेव्हा मला तुम्ही आठवलात, आणि मला ते आवडलं नाही. एकदा आभाळ आलं, दमट वारा सुटला, आणि अख्ख्या मांडवाला बुरशी धरली. आई म्हणत होती, वरवर पुसून बाजारात घाला, कोण बघतंय. तुम्ही सगळी सुकेळी खड्ड्यात पुरलीत आणि वाडीवाडीत जाऊन सांगून आलात, माझी नासली, तुम्ही आज मांडू नका. लोक हसले. पण कुणी मांडली नाहीत. असा माणूस होतात तुम्ही. माल नासला ते गावभर सांगितलंत, पोरीची शाळा गेली त्याबद्दल चकार शब्द नाही.

असो. पोरीचं सांगत होते. वसईतल्या एका कॉलेजात तिला पक्की नोकरी मिळतेय, घरून डबा घेऊन जायची. आणि तिकडे काय, तर एक रिकामी खोली. यंत्रं हिनंच उभी करायची, पोरं हिनंच शिकवायची, आणि पाच-सहा वर्षांनी ते ठरवणार, हिला ठेवायचं की परत पाठवायचं. मुलगा म्हणतो, हा जुगार आहे. उद्या तिला तिकडे कळवायचंय. आज रविवारचं जेवण वाढलेलं, आणि त्यानं सगळ्यांसमोर मला म्हटलं, “आई, आपल्या घरात मोठ्या माणसाचा शब्द शेवटचा. तू सांग, हिनं जायचं का?”

पोरगी माझ्या समोर बसलेली. बोलायला म्हणून तिनं तोंड उघडलेलं. ते तसंच उघडं राहिलं.

माझ्या जिभेवर ‘नको’ आलं होतं, बाबा. अगदी ओठापर्यंत. मी पाण्याचा घोट घेतला आणि म्हटलं, “भात निवतोय, जेवा.” कुणी धड जेवलं नाही. सून तेवढी मला पुन्हा आमटी वाढायला आली.

हा कागद कुठं टाकायचा ते मला माहीत नाही. सिमेट्रीत मेणबत्तीखाली ठेवला तर वाऱ्यानं शेजारच्या थडग्यावर जाईल, आणि तिथं आपली शेजारीणच आहे; त्या बाईनं जिवंतपणी आपल्या घरची भांडणं पुरेशी ऐकलीत. तांदळाच्या डब्यात राहील.

मला ती जायला नकोय. ह्या घरात माझ्याशी भांडणारं तेवढं एकच माणूस उरलंय. हे तिच्या कानावर जाणार नाही, तुम्हीही नेऊ नका.

सकाळी चहाला सगळ्यांना बसवीन. मुलानं बोलायचं नाही. मीही नाही. तुम्ही तर मुळीच नाही, पाठमोरेसुद्धा नाही. तिकडून विचारलंय ते तिला. उत्तर तिनंच द्यायचं.