डावीकडे फक्त पॅसेंजर

३ मार्च
टँकरने माझी बस मागून ठोकली त्याला आज चाळीस दिवस. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, मानेचे मणके झिजलेत. झिजणारच. बावीस वर्षं बस चालवलीय, मणके शोकेसमध्ये नव्हते ठेवले. २० तारखेला फिटनेस टेस्ट. पास झालो की परत गाडीवर. होणारच.

५ मार्च
मान डावीकडे वळत नाही, एवढंच. उजवीकडे फर्स्टक्लास. ड्रायव्हर बसतोच उजवीकडे. डावीकडे काय, फक्त पॅसेंजर.

८ मार्च
नया नगरच्या फिजिओ हिनाताईंनी व्यायाम दिले. पहिला व्यायाम : कपाळाला हात लावून बसायचं. तो तर मी जानेवारीपासून करतोय. बाकीचे उद्यापासून.

११ मार्च
सलूनवाल्या रामूकडून मान मोडून घेतली. कट्ट आवाज आला. एकदम मोकळं वाटलं. हिनाताईंनी सांगितलं होतं, "चाचा, गर्दन किसी से मत तुडवाना." त्यांनाही पेशंट टिकवायचेत.

१२ मार्च, सकाळी
डाव्या हाताची दोन बोटं बधिर. हरकत नाही. गिअर तीन बोटांत पडतो.

१६ मार्च
बायको प्रभावती म्हणाली, स्टिअरिंगचा नाद सोडा, डेपोत बसून करायचं काम मागा. दिवसभर तिच्याशी बोललो नाही. खिडकीत बसलो. माझ्या रूटची बस इंद्रलोकच्या वळणावर दिसते. दुसराच कोणी चालवत होता, आणि चांगली चालवत होता. डोळ्यांत पाणी आलं. धूळ फार आहे.

१९ मार्च
डेपोतला माझा जोडीदार ड्रायव्हर आत्माराम परवाच टेस्ट देऊन आला. म्हणाला, डॉक्टर डावीकडे हात धरून बोटं विचारतात. दरवेळी दोनच. मान वळवायची गरजच नाही. झोप छान लागणार.

२० मार्च, दुपारी
डॉक्टर म्हणाले, खांदे न हलवता डावीकडे बघा. मी डोळे वळवले. किती बोटं, म्हणाले. मी ठणकावून सांगितलं, दोन.
त्यांनी अजून हात वर केलाच नव्हता.

२० मार्च, संध्याकाळी
घरात सामसूम. प्रभावती बाजारात गेली असणार. कॉटवर बसलो आणि समोरच्या भिंतीला सगळं सांगून टाकलं. गाडी गेली. आता सकाळी उठून मी जाऊ कुठे? भीती वाटतेय. प्रभाला कळता कामा नये.
"अहो, मी कधीची इथंच बसलेय."
डावीकडून. वळलो, खांद्यासकट, कमरेसकट, अख्खा. माझी ती दोन बोटं तिने हातात घट्ट धरली होती. कधीपासून, मला कळलंच नव्हतं.